‘प्रि.’पुढचं टिंब

दि. ३ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. पाठ आखडली आहे, म्हणून कागदावरच घालतो. घरी सगळे ठीक, तुझ्याकडेही ठीकच असणार, भावोजी घोरत असतील. झालं. फोनवर तू मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाहीस, ‘आधी कॉलेज का सोडलंस ते सांग’ म्हणतेस, मग मी फोन आपटतो. कागद आपटता येत नाही, म्हणून पत्र.

आधी बाबांचं. आईनं तुला अर्धंच सांगितलंय. डेपोतल्या सगळ्या चालकांची वार्षिक तपासणी झाली. बाबांची तीन महिन्यांच्या सरासरीची साखर ९.४ निघाली. डॉक्टर म्हणाले, मे महिन्यात पुन्हा बघू, साडेसातच्या खाली आली नाही तर बस हातात देणार नाही. मग डेपोच्या खिडकीत बसून पास द्यायचे. सव्वीस वर्षं ज्या माणसानं पाठीमागे पन्नास माणसं घेऊन गाडी हाकली, त्यानं खिडकीत बसायचं. बाबा घरी आले आणि टोपी खुंटीला न लावता मांडीवर घेऊन बसून राहिले. गोळ्या वाढवल्यात, त्या ते घेतात. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, ताट बदला आणि चाला. बाबांचं ताट तुला माहीत आहे. तळलेलं मांस, लोणी थापलेला पाव आणि चहात चार चमचे साखर. हिरवं म्हणून त्यांना फक्त सिग्नल आवडतो.

ते माझ्याशी बोलत नाहीत. जानेवारीपासून. ‘त्याला सांग, दिवा बंद कर,’ असं आईला सांगतात आणि मी त्याच खोलीत असतो. गंमत अशी, की आईही माझ्याकडे वळून तेच वाक्य पुन्हा म्हणते.

कॉलेज मी हजेरीच्या कारणावरून सोडलं. ते जाऊ दे.

दुसरी बातमी अशी, की मी प्रेमात पडलोय. हसू नकोस. कॉलेजच्या ग्रंथालयात ती कामाला आहे. आहारशास्त्र शिकलीय, आरोग्याच्या पुस्तकांचं कपाट तिच्याकडे असतं. आम्ही तिला तारीखबाई म्हणायचो, कारण मान वर न करता ती पुस्तकावर परतीच्या तारखेचा शिक्का मारते. तिनं मान वर करावी म्हणून मी डिसेंबरात एकोणीस पुस्तकं नेली. एकही उघडलं नाही. विसावं उघडलं, कारण ते हातातून पडलं, आणि त्यातून एक कागद निघाला. तिचं अक्षर. सात पुस्तकांची यादी, निरोगी कसं जगावं, झाडापानांचं खाऊन माणूस कसा धडधाकट राहतो आणि माणसाचा स्वभाव मुळात कसा असतो, यावरची. आणि वर, ठळक अक्षरात, ‘प्रि. साठी’.

ताई, प्रिय. पूर्ण लिहायला लाजली, अर्ध्यावर थांबली. प्रत्येक पुस्तकापुढे तिनं बारीक अक्षरात टीपही दिलीय. एकापुढे, ‘दिवसभर बसून असता, म्हणून आधी हे.’ मी शेवटच्या बाकावर दिवसभर बसूनच असायचो, हे तिला ठाऊक आहे म्हणजे बघ. एकापुढे, ‘या वयात सुरुवात केली तरी उशीर झालेला नाही.’ माझं वय प्रेमाचंच आहे. आणि स्वभावाच्या पुस्तकापुढे, ‘राग आवरत नाही असं तुम्हीच म्हणता. सहावं प्रकरण दोनदा वाचा.’ मी तिला असं कधी म्हणालो ते आठवत नाही, पण माझा राग सगळ्या इमारतीला माहीत आहे. ‘तुम्ही’ म्हणते ते सुरुवात आहे म्हणून.

आता खरं लिहितो. हजेरीचं काही नव्हतं. कागद मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेलो, तर प्राचार्य तिला सगळ्यांसमोर झापत होते. ‘एक साधा कागद सांभाळता येत नाही तुम्हाला?’ कसला तरी कागद हरवला होता. ती खाली मान घालून उभी. माझं डोकं फिरलं. मी मध्ये पडलो, प्राचार्यांना म्हणालो, आवाज खाली. ते म्हणाले, तुम्ही कोण? मी म्हणालो, मी कोण ते सोडा, तुम्ही माणूस आहात का ते बघा. आणि ओळखपत्र त्यांच्या पायाशी टाकून निघून आलो. बाबांना एवढंच कळलं की पोरानं प्राचार्यांचा अपमान केला. का केला, ते मी सांगितलं नाही. तुला पहिल्यांदाच सांगतोय.

तर सध्या मी पहाटे भाजीच्या घाऊक बाजारात क्रेट उतरवतो आणि दुपारी गावातल्या वाचनालयात बसून यादीतली पुस्तकं वाचतो. पाच झाली. तिच्यासाठी सुरू केलं, पण आता वाटतं हे बाबांच्याच कामाचं आहे. कालपासून त्यांचा डबा मी करतोय. कालचा भरलेलाच परत आला. आतल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘मी शेळी नाही.’

आईला यातलं काही बोलू नकोस.

प्रेमात पडलेला, तरी ताळ्यावर असलेला,
तुझा भाऊ

दि. ९ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं, प्रकृती बरी असल्याचं कळलं. माझी बरी नव्हती, तुझ्या पत्रामुळेच. एवढ्या लांबलचक पत्राला तू दोन ओळींत उत्तर दिलंस. ‘आमच्या ऑफिसात रोज असली पन्नास पत्रं टाइप करते. प्रि. म्हणजे प्रिन्सिपल. टिंबाकडे बघ, गाढवा.’

बारा दिवस मी तुझ्यावर धुसफुसत होतो. रोज तो कागद काढायचा, टिंबाकडे बघायचं आणि हे सांडलेल्या शाईचं आहे, हे माशीचं आहे, असं स्वतःला पटवायचं. तेराव्या दिवशी टिपा पुन्हा वाचल्या. दिवसभर बसून असता. या वयात. राग आवरत नाही. ताई, ते टक्कल, ते पोट, ती फिरती खुर्ची, सगळं त्या कागदातून माझ्याकडे बघायला लागलं.

आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात आली, ती तूही पत्रात लिहिली नाहीस, दया आली असेल. प्राचार्य तिला ज्या कागदासाठी झापत होते, तो हाच. मी तिच्या बाजूनं भांडत होतो आणि कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता.

गेलो. कॉलेजच्या फाटकावरचा वॉचमन आत सोडेना, तर सुटायच्या वेळेपर्यंत थांबलो. ती आली तेव्हा मी नुसता कागद पुढे केला. तिनं तो वाचला. पहिल्यांदा मान वर केली, आणि मला वाटलं, खाली असलेलीच बरी होती.

‘हा तुमच्याकडे होता?’

‘हो.’

‘इतके दिवस? मी तो सरांच्या राखीव पुस्तकात ठेवला होता. राखीव गठ्ठ्यातलं पुस्तक तुम्ही नेलंत कसं?’

‘तुम्हीच शिक्का मारलात.’

तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, ‘सगळ्यांसमोर बोलणी मी खाल्ली, आणि वर तुमच्या भांडणामुळे दोन महिने सगळे मला विचारत होते, तो तुझा कोण. कोण आहात तुम्ही माझे?’

‘कुणी नाही,’ मी म्हणालो. हे वाक्य मी हौसेनं म्हटलं नाही.

‘मग ठेवलात कशाला?’

मी टिंबाचं सांगितलं. सगळं. शेवटच्या बाकाचंही. ती ऐकत होती आणि तिचे ओठ घट्ट होत चालले होते, मला वाटलं आता रडते. ती हसत होती. फाटकाला धरून हसत होती, वॉचमन बघत होता. ‘प्रिय,’ म्हणाली, ‘सर आणि प्रिय,’ आणि पुन्हा सुरू. मग डोळे पुसून विचारलं, ‘वाचलीत का निदान?’

‘सातही. स्वभावाचं दोनदा.’

तिचा विश्वास बसेना. तिथंच उभ्या उभ्या परीक्षा घेतली. मी बाबांचं सांगितलं, ९.४ सांगितलं, डब्याचं सांगितलं. तिनं दोन चुका काढल्या. फळांचा रस नको, फळ चावून खाऊ द्या. आणि गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कमी करायची नाही. मग म्हणाली, ‘कागद सरांना तुम्ही नेऊन द्यायचा. मी नाही.’

मी हो म्हणालो. अजून दिलेला नाही. त्याबद्दल पुढे विचारू नकोस.

आता डब्याचं. पहिला आठवडाभर डबा जसा जायचा तसा यायचा. मी झाकणाखाली चिठ्ठ्या टाकायचो, तंतुमय पदार्थ, रक्तवाहिन्या, असलं. प्रवचन. मग स्वभावाच्या पुस्तकात वाचलं की माणसाला भलं सांगायला गेलं की तो चिलखत चढवतो, पण त्याच्या विषयातलं त्याला विचारलं की आपणहून दार उघडतो. म्हणून दुसऱ्या दिवशी फक्त लिहिलं, ‘बाबा, भेसळीचं डिझेल घातलं तर इंजिन लगेच बंद पडतं का?’

चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरून आली. ‘लगेच नाही. लगेच पडलं असतं तर कुणी घातलंच नसतं. आधी धूर काळा येतो. मग चढावर दम लागतो. पण सपाटीला गाडी चालतेय ना, म्हणून मालकाला वाटतं काही झालेलं नाही. मग एक दिवस भर रस्त्यात बसते.’ त्याखाली थोडी जागा सोडून, ‘घेवडा बरा होता.’

ताई, मी त्यावर काहीही लिहिलं नाही. हे माझ्यासाठी किती अवघड होतं, ते तुला कळेल.

त्यानंतर डबा रिकामा यायला लागला. मसूर, भोपळा, पालक, शेंगदाणे, हातसडीचे तांदूळ, बाजारात क्रेटमध्ये जे ताजं असेल ते. शेवटच्या थांब्यावर त्यांना अकरा मिनिटं मिळतात, त्यात ते चालतात. लांब जाता येत नाही, म्हणून बसभोवतीच. त्यांच्या गाडीवरचे कंडक्टरकाका घरी येऊन आईला सांगत होते, ‘वहिनी, हा गाडीला फेऱ्या मारतो आणि प्रवासी मला विचारतात, काका, त्यांचं काय पडलंय?’

आणि मग मी माती खाल्ली. मागच्या सोमवारी मी त्यांना बाजारासमोरच्या टपरीवर पाहिलं, हातात तळलेल्या मांसाची बशी. एकच बशी, ताई, महिन्याभरातली पहिली. मी सगळ्या टपरीसमोर ओरडलो. ‘मी पहाटे चारला उठतो ते ह्यासाठी? जा, बसा खिडकीत.’ हे शब्द. टपरीवर डेपोतले चार चालक होते. बाबांनी बशी खाली ठेवली आणि निघून गेले.

सहा दिवस त्यांनी डबा नेला नाही. आई मध्ये बसून माझ्याकडे बघायची आणि या वेळी कुणाचंच वाक्य पोचवायची नाही. मी सहावं प्रकरण काढलं, दोनदा वाचलं होतं तेच. त्यात आहे की रागावलेल्या माणसाला वाटतं आपण समोरच्याला सुधारतोय, प्रत्यक्षात तो आपली भीती समोरच्याच्या अंगावर फेकत असतो. मी भ्यायलोय, ताई. खिडकीला नाही. बाबा भर रस्त्यात बसतील, त्याला. प्राचार्यांवरही मी तिच्यासाठी ओरडलो म्हणतो, पण त्या सकाळी परीक्षेचा निकाल लागला होता आणि मी तीन विषयांत गेलो होतो. हे कुणालाच माहीत नाही. आता तुला आहे.

सातव्या दिवशी डब्यात चिठ्ठी टाकली. ‘चुकलो.’ तुला माहीत आहे, हा शब्द मी जन्मात लिहिला नव्हता, शाळेत मास्तरांनी शंभर वेळा लिहायला सांगितला तेव्हा शाळा बदलली होती. डबा त्यांनी नेला. संध्याकाळी रिकामा आला. चिठ्ठीवर माझ्या शब्दाखाली एकच शब्द होता. ‘मीही.’

तपासणी वीस मेला आहे. तू येऊ नकोस, तू आलीस की सगळे रडतात.

तुझा
गाढव (टिंबासकट)

दि. २४ मे

ती. ताईस,

हे पत्र हलत्या अक्षरात आहे, ते का, ते शेवटी कळेल. नमस्कार, खुशाली वगैरे सगळं आज मोठ्या अक्षरात वाच. ६.९.

साडेसात हवी होती, ६.९ आली. आईनं फोनवर तुला आकडा सांगितलाच असेल, पण कसं झालं ते तिला सांगता येत नाही, ती आकड्यापाशीच रडायला लागते.

आधी प्राचार्यांचं सांगून टाकतो, कारण ते तपासणीच्या आदल्या दिवशी झालं. मी स्वतःला म्हटलं, उद्या बाबांनी डॉक्टरांसमोर दंड पुढे करायचा आणि मी एक कागद परत द्यायला घाबरायचं, हे काही खरं नाही. गेलो. वॉचमननं या वेळी सोडलं, म्हणाला, ‘बाई बोलल्यात.’

प्राचार्य बारीक झाले नव्हते. मी कागद टेबलावर ठेवला आणि उभ्यानं सगळं सांगून टाकलं, टिंबासकट. त्यांनी यादी वाचली. रागाच्या टिपेपाशी आल्यावर कान लाल झाले. ‘हे मला उद्देशून आहे?’

‘सर, मी दोन महिने मला उद्देशून आहे असं धरून चाललो. दोघांनाही बसतं.’

मला वाटलं, आता पेपरवेट येणार. त्यांनी पेपरवेट यादीवर ठेवला. मग म्हणाले, ‘खरं सांगू? यादी हरवली तेव्हा मला मनातून बरंच वाटलं होतं. पुन्हा लिहून द्या म्हटलं असतं तर पाच मिनिटांत मिळाली असती. नाही म्हटलं. मिळाली असती तर वाचायला लागली असती.’ मग आणखी हळू, ‘म्हणूनच एवढं ओरडलो बहुधा.’

सहावं प्रकरण, मी म्हणालो. त्यांनी मला बसायला सांगितलं. तास झाला, ताई. नापास मुलगा बोलतोय आणि प्राचार्य वहीत उतरवून घेताहेत, घेवडा किती वेळ भिजवायचा. निघताना म्हणाले, ‘माफीचा अर्ज द्या, जूनपासून बसा वर्गात. तीन विषय सुटतील असं बघू.’ म्हणजे त्यांना निकाल माहीत होता. अर्ज मी तिथंच लिहिला. त्यांनी त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका काढल्या आणि पुन्हा लिहायला लावला. माणसाचा स्वभाव बदलतो, पण सगळाच नाही.

परत जायचं माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होतं. तुला फोनवर ‘मुळीच नाही’ म्हणालो, तेव्हाही होतं.

आता वीस मे. डेपोच्या दवाखान्यात मी बाबांबरोबर गेलो नव्हतो, त्यांच्या मागून गेलो होतो, दहा पावलं. त्यांना माहीत होतं. बाकावर ते एका टोकाला, मी दुसऱ्या. मध्ये कंडक्टरकाका, त्यांची तपासणी नव्हती, ते तमाशा बघायला आलेले. रक्त आठवड्यापूर्वीच दिलेलं होतं. डॉक्टरांनी कागद काढला, चष्मा वर केला, खाली केला, आणि विचारलं, ‘काय केलंत तुम्ही?’

बाबा म्हणाले, ‘डिझेल बदललं.’

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी रक्तदाब घेतला, पाय तपासले, डोळे तपासले, गोळी एक कमी केली आणि शिक्का मारला, वाहन चालवण्यास योग्य. बाबा तो कागद घेऊन बाहेर आले. चार महिने आणि अकरा दिवस या माणसानं मला एक शब्द ऐकवला नव्हता, ताई. समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘उद्यापासून तिखट जरा वाढव. तब्येत सुधारली म्हणून काही जीभ मेली नाही.’

मी ‘हो’ म्हणालो आणि भिंतीकडे तोंड केलं. कंडक्टरकाका मोठ्यानं म्हणाले, ‘रडतोय का रे?’ बाबा म्हणाले, ‘कांदा कापून आलाय सकाळी.’ कापला नव्हता.

डेपोत आता वेगळंच सुरू झालंय. त्या टपरीवरच्या चार चालकांपैकी तिघांनी मला गाठलं. ‘तुझ्या बापाला काय चारलंस ते लिहून दे.’ मी तारीखबाईला विचारलं. तिनं यादी नव्यानं केली, सोप्या भाषेतली पुस्तकं वर घेतली, आणि शनिवारी गावातल्या वाचनालयात तास ठेवलाय. परवाच्या पहिल्या तासाला अकरा चालक, दोन कंडक्टर आणि एक प्राचार्य आले. प्राचार्य कंडक्टरकाकांच्या शेजारी बसले होते आणि काकांनी त्यांना सुटे शेंगदाणे दिले.

तिच्याबद्दल विचारशीलच. जास्त काही नाही. मी यादीच्या प्रती वाटायला पुढे धावलो, तर ती मला ‘तू’ म्हणाली. नीट ऐकलं मी. ‘तू रांगेत मागे जा.’ टाइप करून ठेव आणि कुठल्याही शब्दानंतर टिंब देऊ नकोस.

आता हलत्या अक्षराचं. आज बाबांची शिक्क्यानंतरची पहिली लांबची फेरी. सकाळी टोपी घातली आणि म्हणाले, ‘येणार का?’ मी त्यांच्या पाठीमागच्या पहिल्याच सीटवर बसलोय, पॅड मांडीवर. मघाशी तो मोठा चढ आला, तू लहानपणी ज्याच्यावर डोळे मिटायचीस तो. गाडी गच्च भरलेली, सुट्टीतली पोरं दारात लोंबकळताहेत. बाबांनी गिअर टाकला, खांदे जरा पुढे घेतले, आणि एका दमात वर. माथ्यावर आल्यावर त्यांनी आरशातून मागे बघितलं. प्रवाशांकडे नाही, माझ्याकडे. मग पुन्हा रस्त्याकडे.

शेवटच्या थांब्यावर अकरा मिनिटं थांबलो, त्यात दोघांनी मिळून गाडीभोवती फेऱ्या मारल्या. एकानं विचारलंच, काय शोधताय? बाबा म्हणाले, ‘सापडलं.’ आता कंडक्टरकाकांनी घंटी दिलीय, ओळी वाकड्या होतील, म्हणून पुरे करतो. गाडी सुटतेय, ताई. चालवताहेत आपले बाबा.

पुढच्या सीटवरून,
तुझा भाऊ